वुदरिंग हाइट्स : हीथक्लिफचं वैर आणि आपण विसरतो तो हेअरटन

माळरान (धागाकर्ता)

‘वुदरिंग हाइट्स’चा विषय निघाला की बोलणं हीथक्लिफ आणि कॅथरिनपाशी सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. यॉर्कशायरचं वाऱ्यापावसाचं माळरान, जिवापाड प्रेम, ताटातूट, सूड. पण ३४ प्रकरणांच्या या कादंबरीत कॅथरिन सोळाव्या प्रकरणात जाते. त्यानंतर अर्ध्याहून जास्त पुस्तक उरतं. ते कुणाचं आहे? माझ्या मते हेअरटनचं, आणि त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो म्हणून हा धागा.

(पुढे सगळं कथानक येणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी आधी वाचावी.)

थोडी पार्श्वभूमी. एमिली ब्राँटेची ही एकुलती एक कादंबरी डिसेंबर १८४७मध्ये ‘एलिस बेल’ या टोपणनावाने आली. १९ डिसेंबर १८४८ला एमिली गेली, वय अवघं तीस. कथेत दोन घरं आहेत. टेकाडावरचं वुदरिंग हाइट्स अर्नशॉ घराण्याचं, राबणाऱ्या शेतकऱ्यांचं. दारावर ‘१५००’ आणि ‘हेअरटन अर्नशॉ’ अशी अक्षरं कोरलेली. चार मैलांवर खाली थ्रशक्रॉस ग्रेंज, लिंटन घराण्याचं, गालिचे आणि झुंबरांचं. थोरला अर्नशॉ लिव्हरपूलला साठ मैल पायी जातो आणि येताना रस्त्यावर सापडलेलं एक काळंसावळं पोर घेऊन येतो. स्वतःच्या एका मेलेल्या मुलाचं ‘हीथक्लिफ’ हे नाव त्याला देतो. अर्नशॉचा मुलगा हिंडली त्या दिवसापासून या पोराचा द्वेष करतो, मुलगी कॅथरिन त्याच्यावर जीव टाकते. वैर आणि प्रेम दोन्ही एकाच चुलीपाशी सुरू होतात.

हिंडलीचा मुलगा हेअरटन. जन्म १७७८च्या उन्हाळ्यातला. आई क्षयाने काही महिन्यांत जाते, बाप दारूत बुडतो. एकदा नशेत जिन्याच्या कठड्यावरून मूल त्याच्या हातून सुटतं आणि खालून जाणारा हीथक्लिफ नकळत त्याला झेलतो. कुणाला झेललं हे कळल्यावर हीथक्लिफचा चेहरा वेदनेने पिळवटतो, कारण आपसूक होणारा सूड त्याने स्वतःच्याच हातांनी थांबवलेला असतो. पुढे हिंडली मरतो, तेव्हा हीथक्लिफ त्या पोराला टेबलावर उभं करून म्हणतो की आता तू माझा. एक झाड ज्या वाऱ्याने वाकडं झालं, त्याच वाऱ्यात दुसरंही तसंच वाकडं वाढतं का, ते पाहू.

माझ्या दृष्टीने सगळी कादंबरी या एका प्रयोगावर उभी आहे. हिंडलीने हीथक्लिफचं जे केलं, तेच हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाचं करतो: शिक्षण बंद, शेतावर गडी म्हणून राबणूक, तोंडात शिव्या, आणि स्वतःच्याच घरात नोकराची जागा. आणि प्रयोग फसतो. झाड वाकडं वाढत नाही. का नाही वाढत, याचं उत्तर मी शोधतो आहे. तुमचं काय म्हणणं?

---

कृष्णाकाठ

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच विरोध नोंदवतो. तुम्ही हीथक्लिफला प्रयोग करणारा करून टाकलंत. त्याच्यावर काय गुजरली ते आधी बघा. आश्रय देणारा बाप गेल्यावर हिंडली बायकोला घेऊन परत येतो आणि पहिलं काम काय करतो? हीथक्लिफची शिकवणी बंद, त्याला गड्यांत पाठवणं, बारीकसारीक कारणाने चाबूक. कॅथरिन लिंटनांच्या घरी पाच आठवडे राहून झालर लावलेला झगा घालून येते आणि याचे मळके हात बघून हसते. आणि स्वयंपाकघरातली ती रात्र! कॅथरिन घरातल्या नोकर नेलीला सांगते की त्याच्याशी लग्न करणं मला कमीपणाचं होईल. तेवढंच ऐकून तो उठून जातो. ‘मीच हीथक्लिफ आहे’ हे त्यानंतरचं वाक्य त्याच्या कानावर पडतच नाही.

आमच्याकडे गावात भाऊबंदकीची प्रकरणं बघत लहानाचे मोठे झालो आम्ही. बांधावरून सुरू झालेलं भांडण तिसऱ्या पिढीपर्यंत जातं, आणि तिसऱ्या पिढीला बांध कुठला ते माहीत नसतं. तिथे कुणी एक खलनायक नसतो. इथेही पहिली आग म्हाताऱ्या अर्नशॉने लावली, असं माझं मत. परक्या पोराला जीव लावला ते चांगलंच केलं, पण पोटच्या पोराला त्याच्यासमोर उणं केलं. घोड्याचा प्रसंग आठवा. हीथक्लिफचा शिंगरू लंगडा झाला तर तो हिंडलीचा मागतो, नाही दिलास तर बाबांना सांगेन म्हणतो, आणि घेतो! तिथे हिंडलीच्या मनात काय झालं असेल?

---

माळरान

कृष्णाकाठ, म्हाताऱ्याबद्दल पूर्ण सहमत. लिव्हरपूलहून त्याने हिंडलीसाठी व्हायोलिन आणलं होतं, ते कोटात त्या पोरामुळे मोडून निघालं. कॅथरिनसाठी आणायचा चाबूक वाटेत हरवला. एमिलीने वैराची सुरुवात इतक्या छोट्या गोष्टीत दाखवली आहे: चौदा वर्षांचा मुलगा मोडक्या व्हायोलिनचे तुकडे बघून ढसाढसा रडतो. हीथक्लिफबद्दलची तुमची कणवही खरी आहे. पण जे आपल्याला भोगावं लागलं तेच निष्पाप मुलाला भोगायला लावणं, ही त्याची स्वतःची निवड आहे. आणि तेच भोगून हेअरटन तसं करत नाही. दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय दोघांचाही न्याय होत नाही.

---

खडूफळा

मी शाळेत शिकवते, म्हणून कादंबरीतला एक धागा माझ्या डोक्यातून जातच नाही. अक्षरांचा.

हेअरटनला पहिल्यांदा अक्षरं कुणी शिकवली? नेली डीनने. तो जेमतेम पाच वर्षांचा होत होता आणि तिने नुकतीच मुळाक्षरं सुरू केली होती. तेवढ्यात कॅथरिनचं एडगर लिंटनशी लग्न होतं आणि नेलीला तिच्याबरोबर ग्रेंजला जावं लागतं. शिकवणी तिथे तुटते. काही महिन्यांनी नेली त्या वाटेने जाते तर तेच मूल तिला ओळखत नाही, दगड फेकून मारतं आणि शिव्या देतं. शिव्या कुणी शिकवल्या विचारल्यावर मूल हीथक्लिफचं नाव सांगतं. शिकवायला पाद्री येतो का, तर नाही. त्याने उंबरा ओलांडला तर त्याचे दात घशात घालीन, असं हीथक्लिफने बजावलेलं असतं.

इथे मला थांबावंसं वाटतं. हीथक्लिफ या मुलाला उपाशी ठेवत नाही, फारसा मारतही नाही. तो त्याची फक्त अक्षरं काढून घेतो. आणि तेवढं पुरतं! पुढे एकवीस वर्षांचा हेअरटन आपल्याच दारावर कोरलेलं आपलंच नाव वाचू शकत नाही आणि कॅथरिनची मुलगी धाकटी कॅथी आणि हीथक्लिफचा मुलगा लिंटन त्याला हसतात. नेली लॉकवुडला (ग्रेंजचा भाडेकरू, त्यालाच ती सगळी गोष्ट ऐकवते) सांगते की हा मुलगा स्वतःच्या घरात बिनपगारी नोकर म्हणून राहतो आणि त्यातून बाहेर पडू शकत नाही, कारण त्याला कुणी नाही, आणि आपल्यावर अन्याय झाला आहे हेच त्याला ठाऊक नाही. ‘विद्येविना मती गेली’ पासून ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ पर्यंत जोतीरावांनी जी साखळी मांडली, तीच इथे एका मुलाच्या आयुष्यात पायरी पायरीने दिसते. त्यातलं ‘वित्त गेले’सुद्धा.

माळरान, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: झाड वाकडं झालं नाही, कारण पहिली पाच वर्षं त्याला नेली मिळाली होती. तेवढी पुरली.

---

सातबारा

वकील आहे, मूळ सातारा जिल्हा. ही कादंबरी मला पहिल्यांदा एका ज्येष्ठ वकिलांनी दिली, प्रेमकथा म्हणून नव्हे तर मिळकतीचा दावा म्हणून वाच असं सांगून. १९२६ मध्ये सी. पी. सँगर नावाच्या इंग्रज बॅरिस्टरने यावर एक छोटा निबंध लिहिला होता. त्याने कादंबरीतल्या विखुरलेल्या तारखा जुळवल्या, दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडली आणि दाखवून दिलं की एमिलीने त्या काळचा वारसाहक्काचा कायदा जवळजवळ बिनचूक वापरला आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पाद्र्याच्या घरात वाढलेल्या मुलीने!

हीथक्लिफ दोन मिळकती दोन वेगळ्या वाटांनी घेतो. हाइट्सची वाट आपल्याला फार ओळखीची आहे. हिंडलीला जुगाराचं व्यसन. हीथक्लिफ तीन वर्षं कुठेतरी जाऊन पैसा घेऊन येतो, त्याच्याच घरात राहतो, त्याच्याशी पत्ते खेळतो आणि जमीन गहाण घेत जातो. हिंडली सत्ताविसाव्या वर्षी मरतो तेव्हा वकिलाला कागद दाखवले जातात: जमिनीचा एकूण एक तुकडा गहाण, आणि गहाणदार हीथक्लिफ. खून नाही, दरोडा नाही. सगळं कागदावर. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात शिरून आधी कर्जरोखे आणि खतं काढून जाळली, कारण आपली जमीन कुठे अडकली आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यानंतर १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला आणि कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. हेअरटनच्या बाजूने असं कुणी नव्हतं. आणि खडूफळाताई म्हणतात ते इथे जोडून घ्या: गहाण सोडवण्याचा हक्क मूळ मालकाच्या वारसाकडे राहतो. म्हणजे हेअरटनला हक्क होता. त्याला तो वाचता येत नव्हता.

ग्रेंजची वाट जास्त गुंतागुंतीची. थोरल्या लिंटनच्या, म्हणजे एडगरच्या बापाच्या, व्यवस्थेप्रमाणे एडगरला मुलगा नसेल तर इस्टेट एडगरच्या मुलीकडे न जाता बहिणीकडे, इझाबेलाकडे आणि तिच्या मुलाकडे जाते. हीथक्लिफ इझाबेलाशी लग्न करतो त्यात हा हिशेब आहे. पुढे आपल्या मरणोन्मुख मुलाचं, लिंटनचं, धाकट्या कॅथीशी कोंडून जबरदस्तीने लग्न लावतो. त्या काळी इंग्लंडात बायकोची जंगम मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याची व्हायची. हे बदललं १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी. एडगरला शेवटच्या दिवसांत कळतं आणि तो मुलीचा पैसा विश्वस्तांच्या हाती द्यायला वकिलाला बोलावतो, पण वकील ग्रीन हीथक्लिफने आधीच फोडलेला असतो आणि तो मुद्दाम उशिरा येतो. मग लिंटन मृत्युपत्र करून जंगम मालमत्ता बापाला देऊन मरतो.

पण जमीन? लिंटन अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, होता, त्याला जमिनीचं मृत्युपत्र करता येत नव्हतं. आणि १८३३ पूर्वीच्या इंग्लिश कायद्यात मुलाची जमीन बापाकडे वारशाने जात नसे. म्हणजे ग्रेंजच्या जमिनीवर हीथक्लिफचा हक्क मुळात लंगडा आहे. नेलीही सांगते की कॅथीकडे पैसा नाही, माणसं नाहीत, म्हणून ती त्याचा ताबा हलवू शकत नाही. ताबा ज्याचा त्याची जमीन, एवढाच खरा कायदा तिथे चालतो.

---

कातळशिल्प

सातबारा, अप्रतिम. इझाबेलाचं नाव निघालं ते बरं झालं, कारण तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

ती हीथक्लिफला कादंबरीतला नायक समजून पळून जाते. हे मी म्हणत नाही, हीथक्लिफच म्हणतो आणि त्याला त्याचा तिरस्कार वाटतो. घर सोडतानाच त्याने तिची कुत्री रुमालाने फासावर लटकवलेली असते. लग्नानंतरचं तिचं पत्र वाचा. हा माणूस आहे की सैतान, असं ती नेलीला विचारते. गरोदर असताना, अंगावर पातळ कपडे, गळ्यावर सुरीची जखम अशा अवस्थेत ती बर्फातून पळून ग्रेंज गाठते, अंगठी आगीत टाकते आणि लंडनकडे निघून जाते. १८४७ मध्ये नवऱ्याचं घर सोडून मुलाला एकटीने वाढवणारी बाई लिहायला धाडस लागतं. आणि आपण तिला ‘भाबडी’ म्हणून सोडून देतो.

ज्यांना हीथक्लिफ प्रेमवीर वाटतो त्यांना मी एवढंच विचारते की तुमच्या बहिणीचं लग्न या माणसाशी झालं असतं तर? एमिलीने हा प्रश्न आपल्याला विचारायला लावला आहे, म्हणून तर ते पत्र इतकं सविस्तर आहे.

आणि नेलीला इतकं साधं समजू नका, खडूफळाताई. हीथक्लिफ बाकावरून उठून गेला हे तिला दिसलेलं असतं. ती कॅथरिनला वेळेवर सांगत नाही. कॅथरिन अन्नपाणी सोडून खोलीत कोंडून घेते तेव्हा नेली ते नाटक समजते आणि एडगरला सांगत नाही. धाकटीची पत्रं पकडून जाळते. सगळी गोष्ट तिच्याच तोंडून आपण ऐकतो, तेव्हा तिचा हात कुठे कुठे आहे हेही बघायला हवं.

---

खडूफळा

कातळशिल्प, मान्य. नेली या घरांत सगळ्यांत जास्त सत्ता असलेली नोकर आहे. तिची आई हिंडलीची दाई होती, हिंडलीबरोबर ती वाढली. म्हणून हिंडली मेल्यावर तिला जेवढं रडू येतं तेवढं कॅथरिनसाठी येत नाही, हे ती स्वतः सांगते. हेअरटनवरचा तिचा जीव तिथून येतो. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाला कुणीतरी मांडीवर घेतलं होतं, एवढंच माझं म्हणणं.

---

लीड्सकर

मी गेली काही वर्षं यॉर्कशायरमध्ये राहतो. हॉवर्थ गाव, ब्राँटे कुटुंबाचं पाद्रीघर, समोर दफनभूमी आणि मागून सुरू होणारं माळरान, हे सगळं इथून फार लांब नाही. लोक टॉप विदेन्स नावाच्या पडक्या घरापर्यंत चालत जातात कारण हेच ‘हाइट्स’ असं मानलं जातं. पण त्या भिंतीवर ब्राँटे सोसायटीने १९६४ मध्ये लावलेली पाटी आहे, तीत स्पष्ट लिहिलंय की ही इमारत पूर्वी चांगली असतानाही कादंबरीतल्या घराशी तिचं साम्य नव्हतं. मात्र माळावरची ही जागा एमिलीच्या मनात असू शकेल.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती लॉ हिल ही जागा, हॅलिफॅक्सजवळची. १८३८ मध्ये एमिली तिथल्या शाळेत काही महिने शिकवत होती. ते घर बांधणाऱ्या जॅक शार्पची गोष्ट त्या भागात सांगितली जायची. वॉल्टरक्लफ हॉलच्या वॉकर कुटुंबाने सांभाळलेला हा भाचा, त्याने हळूहळू त्याच कुटुंबाचा धंदा आणि घर ताब्यात घेतलं आणि खरा वारस परत आला तेव्हा वैर पेटलं. एमिलीच्या कानावर ही गोष्ट आली असणार असं तिचे चरित्रकार मानतात. म्हणजे सातबारा यांनी सांगितलेलं मिळकतीचं वैर तिने हवेतून काढलेलं नाही. दगडी कुंपणांच्या त्या मुलखात कुठलं शेत कुणाचं हे प्रत्येकाला माहीत असतं.

---

रीळ

१९३९च्या हॉलिवूडच्या चित्रपटाने हेअरटनचं फार नुकसान केलं. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मर्ल ओबेरॉन. चित्रपट कॅथरिनच्या मृत्यूबरोबर जवळजवळ आटोपतो, पुढची पिढी कापूनच टाकली आहे. जगातल्या बहुतेकांच्या डोक्यातली ‘वुदरिंग हाइट्स’ ती आहे. (मर्ल ओबेरॉनचा जन्म मुंबईचा, १९११चा. आपलं मूळ तिला आयुष्यभर लपवावं लागलं. नेलीही लहान हीथक्लिफची समजूत काढताना म्हणते की कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी.)

आपल्याकडे १९६६चा ‘दिल दिया दर्द लिया’ यावरच आधारलेला, दिलीप कुमार, वहिदा रहमान आणि छळणाऱ्या भावाच्या भूमिकेत प्राण. तिथेही दुसरी पिढी नाही.

---

कृष्णाकाठ

सगळं वाचतोय. माळरान, एक प्रश्न टोचतो आहे. तुमचा हेअरटन शेवटपर्यंत हीथक्लिफची बाजू सोडत नाही. कॅथी त्याला सांगायला जाते की या माणसाने तुझा बाप बुडवला, तुझी जमीन गिळली. तर तो तिला गप्प करतो. म्हणतो तो सैतान असला तरी मी त्याच्या बाजूने उभा राहणार. ही निष्ठा की गुलामी? आमच्याकडेही पिढ्यान् पिढ्या मालकाचं मीठ खाऊन मालकासाठी मरणारी माणसं होती. त्यांचं कौतुक करताना मला त्रास होतो.

---

माळरान

कृष्णाकाठ, धाग्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न. म्हणून जरा सविस्तर.

मलाही तो प्रसंग आधी तसाच वाटायचा. पण हेअरटन कॅथीला काय विचारतो ते बघा. मी तुझ्या बापाबद्दल असं बोललो तर तुला कसं वाटेल? त्याच्या मनात बापाच्या जागी हिंडली नाही. त्याला वाढवणारा, बापाने शिव्या दिल्या की उलट बापालाच शिव्या देणारा माणूस हीथक्लिफ आहे. हे प्रेम हीथक्लिफने मागितलेलं नव्हतं, त्याला द्वेष हवा होता. लहान हेअरटनला शिव्या शिकवल्या त्या बापाविरुद्ध वापरण्यासाठी. पण मुलाने त्यातून उचललं ते प्रेम. कॅथी गप्प बसते आणि त्यानंतर हेअरटनच्या कानावर हीथक्लिफविरुद्ध एक अक्षर जाऊ देत नाही. सूडाची जी साखळी हिंडलीपासून चालत आली, ती त्या क्षणी हातात घ्यायला तिसऱ्या पिढीत कुणी उरत नाही. गुलाम माणसाला नकार देता येत नाही. हेअरटन इथे वैराचा वारसा नाकारतो, तोही ज्या मुलीवर त्याचा जीव आहे तिच्या तोंडावर.

आणि हीथक्लिफला हे कळत होतं. आपला लिंटन म्हणजे चांदीसारखं दिसावं म्हणून घासलेलं कथील आणि हेअरटन म्हणजे फरसबंदीला वापरलेलं सोनं, असं तो स्वतः म्हणतो. एमिलीची थोरली बहीण शार्लट ब्राँटेने १८५०च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तीत ती हीथक्लिफला जवळजवळ काहीच माफ करत नाही. फक्त दोन ठिकाणी त्याच्यात माणूस दिसतो म्हणते, एक हेअरटनबद्दलची त्याची ओबडधोबड माया आणि दुसरा नेलीबद्दलचा आदर. कॅथरिनवरच्या प्रेमाला ती या यादीत धरत नाही! मला हे फार मोलाचं वाटतं.

हीथक्लिफ मरतो तेव्हा हाइट्सचा म्हातारा नोकर जोसेफ आनंदाने गुडघ्यावर बसतो. खरं रडणारा एकटा हेअरटन असतो, ज्याचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं तोच. रात्रभर प्रेतापाशी बसतो, सगळे ज्या चेहऱ्याला घाबरतात त्याचे मुके घेतो आणि थडग्यावर स्वतः हिरवळीची ढेकळं लावतो.

---

कातळशिल्प

माळरान, हे पटलं. पण कॅथीचाही वाटा मोजा. ती त्याला ‘मठ्ठ’ म्हणून हिणवते, त्याने चोरून जमवलेली पुस्तकं बघून हसते आणि तो भरल्या रागात ती आगीत टाकतो. त्यानंतर पुढाकार तीच घेते. पांढऱ्या कागदात पुस्तक गुंडाळून, फीत बांधून, वर ‘मिस्टर हेअरटन अर्नशॉ’ लिहून नेलीहाती पाठवते. घेतलंस तर वाचायला शिकवीन, नाही घेतलंस तर पुन्हा त्रास देणार नाही, असा निरोप. इथे अभिमान गिळणारी ती आहे. तिच्या आईला हे जमलं नव्हतं.

---

खडूफळा

कातळशिल्प, अगदी! पाकिटावर नाव लिहिणं. ज्या नावाला दारावर वाचता न आल्यामुळे तो हसण्यावारी गेला, तेच नाव ती आदराने लिहून देते. एक शिक्षिका म्हणून सांगते, मोठ्या वयाच्या मुलाला शिकवायला बसवताना पहिली अडचण अक्षरांची नसते, लाजेची असते.

---

निवडुंग

मध्येच एक बारीक गोष्ट. नाती मांडून बघितली तर कॅथी ही लिंटनच्या मामाची मुलगी आणि हेअरटनच्या आत्याची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी अनेक समाजांत चालते, आत्याची बऱ्याच ठिकाणी चालत नाही. म्हणजे आमच्या आजीच्या हिशेबाने जबरदस्तीचं लग्न रीतीत बसलं असतं आणि प्रेमाचं नसतं. इंग्लंडात दोन्ही चालत होती.

आणि त्या आजारी लिंटनची थोडी कीव करा कुणीतरी. आई गेली, बापाने पहिल्याच भेटीत तिरस्काराने बघितलं, मरेपर्यंत बापाच्या भीतीने थरथरत राहिला. स्वार्थी होता हे खरं. पण सतराव्या वर्षी, डॉक्टरसुद्धा न बोलावता मेला तो.

---

सातबारा

निवडुंग, नात्यांचा हिशेब बरोबर आहे. एक शेवटची कायद्याची बाब, कारण व्यक्तिगत संदेशात दोघांनी विचारलं. हीथक्लिफ मृत्युपत्र न करता मरतो. मिळकतीचं काय करायचं ते ठरत नाही, जमलं तर ती पृथ्वीवरून नाहीशी करीन, असं तो नेलीला म्हणतो. त्याला वारस नाही. त्याचा ताबा संपला की हाइट्सची मूळ मालकी हेअरटनकडे आणि ग्रेंजची कॅथीकडे वळते. गहाणाच्या रकमेवर सरकारला दावा सांगता आला असता, पण कादंबरीत तसं कुणी उकरून काढत नाही. १८०३च्या पहिल्या जानेवारीला दोघांचं लग्न ठरलेलं असतं आणि ते ग्रेंजला राहायला जाणार असतात. हाइट्स सांभाळायला जोसेफ.

---

नवखा_वाचक

हा धागा वाचून कालच सुरुवात केली आणि दुसऱ्या प्रकरणातच अडकलो. दोन कॅथरिन, एक लिंटन आडनाव, एक लिंटन नाव, कोण कुणाची सून, काही कळेना. काय करू?

---

माळरान

नवखा_वाचक, लॉकवुडलाही दुसऱ्या प्रकरणात हेच होतं. तो कॅथीला आधी हीथक्लिफची बायको समजतो, मग हेअरटनची. एमिलीने आपल्याला मुद्दाम त्याच्याच जागी बसवलं आहे. एक कागद घ्या आणि दोन उभ्या ओळी करा, डावीकडे अर्नशॉ, उजवीकडे लिंटन. दोन्हीकडे पहिल्या पिढीत एक भाऊ आणि एक बहीण: हिंडली-कॅथरिन आणि एडगर-इझाबेला. मध्ये हीथक्लिफ एकटा. खाली तिघं: हिंडलीचा हेअरटन, कॅथरिन-एडगरची कॅथी, हीथक्लिफ-इझाबेलाचा लिंटन. तिसऱ्या प्रकरणात खिडकीच्या फळीवर तीन नावं कोरलेली सापडतील: कॅथरिन अर्नशॉ, कॅथरिन हीथक्लिफ, कॅथरिन लिंटन. ती तशीच कागदावर उतरवून ठेवा, आईची आणि मुलीची दोघींचीही वाट त्यात आहे. जोसेफचं बोलणं पहिल्या वाचनात कळलं नाही तर पुढे जा. ती यॉर्कशायरची जाड बोली आहे, शार्लटलाही १८५० मध्ये ती सौम्य करावी लागली होती. चौथ्या प्रकरणात नेली बोलायला लागली की गाडी रुळावर येईल. हेअरटन पहिल्याच प्रकरणांत भेटेल, दाराशी, फाटक्या कपड्यांत. त्याला नोकर समजू नका.